ग्रेट लिहिण्याआधी

सुलतान बाजारातल्या एका बोळात सरांचं दुकान होतं. शिल्ड, चषक, मोमेंटो, बिल्ले, पाहुण्यांच्या अंगावर घालायच्या शाली, सत्काराला लागणारं सगळं तिथं मिळायचं. फक्त 'ग्रेट' हा शब्द सहजासहजी मिळायचा नाही. गिऱ्हाईक मजकूर लिहून आणायचं, नाहीतर मोबाइलवर दाखवायचं. सर कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, ओठ हलवत वाचायचे, आणि 'ग्रेट टीचर', 'ग्रेट लीडर', 'ग्रेट मदर' असं काही दिसलं की थांबायचे. मग अगदी नरम आवाजात विचारायचे, "काय केलं त्यांनी?"

लोकांना वाटायचं, हा माणूस उगाच चौकशा करतोय. कुणी सांगायचं, रिटायर होताहेत. सर म्हणायचे, रिटायर तर सगळेच होतात. कुणी सांगायचं, माणूस फार चांगला आहे हो. सर म्हणायचे, मग चांगला असं लिहू. काही जण चिडून शेजारच्या दुकानात जायचे. तिथं 'ग्रेट' छापलेल्या पाट्या तयारच असायच्या, खाली नाव टाकलं की काम झालं.

असं गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेलं की मी दारापर्यंत जाऊन त्याच्या पाठीकडे बघायची. सरांना काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं, असंच चाललं तर एक दिवस दुकान बंद होईल, आणि मग आपलं काय.

हिंगोलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन मी हैदराबादेत आले होते. आमचे हे इथं एका शाळेची बस चालवायचे. मी आठवीत असताना आई गेली, घरात भाकरी करणारं कुणी नव्हतं, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. इथं मला तेलुगू कळायचं नाही. इथली उर्दू कळायची, पण तोंडातून निघायची नाही. दिवसभर खोलीत बसून जीव घाबरायचा. काम बघायचं म्हणून सुलतान बाजारात हिंडत होते, तर एका दुकानाच्या काचेआड मराठी अक्षरं दिसली. पितळेची लहानशी पाटी होती. मी उन्हात उभं राहून वाचली. 'यांच्या शेजारी घर मिळावं म्हणून लोक थांबत असत.' खाली नाव होतं. आतून सर म्हणाले, मोठ्यानं वाचा. मी घाबरत मोठ्यानं वाचली आणि विचारलं, हे कोण होते? सरांनी मला आत बोलावून स्टूल पुढे केलं. ही पाटी करून घेतलेले लोक पुन्हा आलेच नाहीत म्हणे, म्हणून ती काचेआड राहिली होती. आणि ती वाचून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

काम हलकं होतं. पाट्या पुसायच्या, फिती बांधायच्या, खोक्यांत मखमल चिकटवायची, मराठी मजकूर मोठ्यानं वाचून चुका काढायच्या. सर मला 'तुम्ही' म्हणायचे. ते सगळ्यांनाच तुम्ही म्हणायचे, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा 'सरका' म्हणायचे.

आणि मग दोन-चार महिन्यांतच मला दिवस गेले. आमच्या यांना आनंद झाला, मला धास्ती बसली. समोरच्या कापडाच्या दुकानातल्या एका मुलीचं असंच कळलं, तेव्हा मालकानं तिला गोड बोलून घरी पाठवलं होतं, आणि तिची जागा तिच्यासाठी राहिली नव्हती. मी पदर पुढून घट्ट ओढून बसायला लागले. ओकारी आली की फडकं धुवायचं निमित्त करून मागं जायची. या कानाची त्या कानाला खबर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं.

सर पूर्वी इथल्याच एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. पोरं कमी होत गेली, शाळा मिटली, आणि सर सासऱ्यांच्या या दुकानात येऊन बसले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचे आजोबा निजामाच्या मोगलाईत इकडे आलेले, त्यामुळे सरांची मराठी आमच्यासारखी असून आमच्यासारखी नव्हती. 'हो' म्हणायचं तिथं 'हौ' म्हणायचे. काळजी करू नका असं म्हणायचं तर 'परेशान होऊ नका' म्हणायचे, आणि मी तर कायमचीच परेशान.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांना शाळा भरवायची हुक्की यायची. विद्यार्थी दोनच, एक मी आणि दुसरे वाहिदभाई. वाहिदभाई कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे आणि मशीनवर पाट्या कोरायचे. ते सरांच्या शाळेत कधीच नव्हते, तरी त्यांना उस्ताद म्हणायचे. धडा बहुतेक एकच, 'ग्रेट'.

सर सांगायचे, हा शब्द मुळात काही मानाचा नव्हता. फार पूर्वी तिकडे तो जाड्याभरड्या वस्तूला लावायचे. जाडं मीठ, भरड पीठ, जाडं कापड. मग तो मोठ्या आकाराला लागला, मोठा दगड, मोठा आवाज, मोठं दुखणं. मग मोठ्या घराण्यांना, मग राजांना. इंग्रजीत पणजोबालाही ग्रेट लावतात, पण त्यात पणजोबाची काही कर्तबगारी नाही, तो एक पिढी लांब आहे एवढंच. आणि लाईट गेल्यावर पोरं कपाळाला हात लावून 'ग्रेट' म्हणतात, तो तर उलटाच. आपल्या 'मोठा'चंही तसंच आहे, सर म्हणायचे. मोठा भाऊ म्हणजे आधी जन्मलेला. मोठा माणूस वेगळा. आणि 'मोठा आलाय शहाणा' यातला मोठा त्याहून वेगळा.

मला त्यातलं भरड एकदम पटलं. भरड पिठाची भाकरी थापताना हाताला कळते. काठ फुटतात, सांभाळून घ्यावं लागतं, पण पोटाला तीच धरून राहते. मी तसं म्हटलं तर सर खूश झाले आणि वाहिदभाईंना म्हणाले, बघा, कळतं ते असं.

वाहिदभाई मान हलवत म्हणाले, "उस्ताद, एक लफ्ज है. इत्ता बोझ कायकू डालते उसपे?"

"मी कुठं टाकतो," सर म्हणाले, "लोक टाकतात. मी उतरवतो."

पण उतरवण्याच्या नादात एकदा भलताच प्रसंग आला. कुठल्याशा तरुण पुढाऱ्यामागं फिरणारी पोरं मोटरसायकलींवरून आली. त्यांना माणसाच्या छातीएवढी शिल्ड हवी होती, वर त्यांच्या या भैयांचं नाव आणि नावानंतर 'दि ग्रेट'. सरांनी विचारलं, काय केलं त्यांनी? पोरं म्हणाली, बर्थडे आहे. सर वर्गात उभे राहिल्यासारखे सांगायला लागले की हे 'दि ग्रेट' राजाबिजांना लावतात, तेही बहुतेक ते मेल्यावर, लोकांना त्यांची आठवण राहिली तर. त्यांच्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "चच्चा, भैया कू मर जाव बोलरे क्या?"

वाहिदभाई मशीन सोडून धावत आले. त्यांनी पोरांच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत सांगितलं की उस्ताद दुआ देताहेत, भैयांना लंबी उमर लाभो, हे नाव लावायची वेळ इतक्यात न येवो. पोरांना ते आवडलं. त्यांनी चहा घेतला आणि नुसतं नाव आणि शुभेच्छा लिहिलेली शिल्ड घेऊन, सरांच्या पाया पडून गेली. सर नंतर वाहिदभाईंना म्हणाले, तुम्ही माझ्यापेक्षा बरं इंग्रजी शिकवता.

सरांच्या मोबाइलवर त्यांच्या जुन्या शाळेतल्या मास्तरांचा एक ग्रुप होता. तो उघडला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. कुणी लिहिलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, की खाली 'ग्रेट सर'. कुणी लिहिलं, आज सकाळी फिरून आलो, की 'ग्रेट सर'. कुणी वारलं की 'ग्रेट लॉस'. सर म्हणायचे, या सगळ्यात हा शेवटचा तेवढा बरोबर आहे, कारण तिथं तो नुकसान केवढं त्याचं माप सांगतो. मग चष्मा काढून पुसत बसायचे. वारलेला मास्तर बहुधा त्यांच्या ओळखीचा असायचा.

असं सगळं असून ज्यांना दम होता त्यांचं सर सोनं करायचे. कोठी भागातल्या एका कचेरीतले लोक एका कारकुनासाठी 'ग्रेट ह्यूमन बीइंग' लिहून घ्यायला आले होते. सरांनी त्यांना स्टुलांवर बसवलं आणि विचारत राहिले. लोक आधी वैतागले, घड्याळं बघायला लागले. मग त्यातल्या एका बाई म्हणाल्या की त्यांच्या टेबलापुढं कधी रांग नसायची. कसं काय, सरांनी विचारलं. तर माणूस दारात दिसला की ते उठून उभे राहायचे आणि त्याचं काम उभ्यानंच संपवायचे. सरांनी पाटीवर लिहिलं, 'यांनी कुणालाही ताटकळत ठेवलं नाही.' तेवढंच. गिऱ्हाइकांना तासभर ताटकळत ठेवून त्यांनी हे वाक्य काढलं होतं, पण तसं बोलायची माझी काय छाती. समारंभ झाल्यावर ते कारकून स्वतः दुकानात आले. हे कुणी लिहिलं, एवढंच विचारलं त्यांनी. मी सरांकडे बोट दाखवलं. सर जागेवरून उठून उभे राहिले. मग कारकून पाटी काखेत धरून निघून गेले.

सर आता नाहीत. दुकान वाहिदभाई बघतात, गल्ल्यावर मी असते, आणि आम्ही 'ग्रेट' लिहून देतो. सरांएवढा धीर आमच्यात नाही, आणि भाडंही वाढलंय. पण काय केलं त्यांनी, हे विचारायचं मी सोडलेलं नाही. गिऱ्हाईक सांगायला लागलं की ऐकायला बरं वाटतं.

तर माझ्या दिवसांचं सांगत होते. पोट पदराआड मावेना तरी मी कुणाला काही बोलले नव्हते. वरच्या फळीवरून चषकांची खोकी काढायला स्टुलावर चढायची, तेव्हा तेवढं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. एका दुपारी सरांनी शाळा भरवली. माझ्याकडे पाठ करून, वाहिदभाईंकडे तोंड करून बोलायला लागले. म्हणाले, त्या शब्दाचा एक अर्थ सांगायचा राहिला. जुन्या इंग्रजीत बाईला दिवस गेले की ती 'ग्रेट' आहे असं म्हणायचे. म्हणजे भरलेली. माझ्या मते त्या शब्दाचा सगळ्यात बरोबर वापर हाच, तिथं काय केलं म्हणून विचारायची गरज नाही.

वाहिदभाई कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसले. पडद्यावर काहीच नव्हतं. सर त्याच वर्गातल्या आवाजात पुढे म्हणाले की वरच्या फळीवरची खोकी आजपासून वाहिदभाईंनी काढायची, आणि या दुकानात स्टुलावर कुणी चढायचं नाही. कुणी म्हणजे मीच चढायची. मी मान खाली घालून फीत गुंडाळत राहिले, आणि ती परत सुटत राहिली. काढून टाकणार नाहीत, एवढं कळलं होतं. सर माझ्याकडे वळलेच नाहीत. दुकानाच्या दाराकडे जाऊन बराच वेळ रस्ता बघत उभे राहिले.

नोकरी राहिली, पण त्याहून मोठा घोर बाकी होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात माहेरचं माणूस येतं, ओटी भरतं आणि लेकीला घेऊन जातं. माझ्या माहेरी भाऊ आणि वहिनी. वडील त्यांच्यावर अवलंबून, खाटेवर. मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन वहिनीला फोन लावला. ती वाईट बोलली नाही. म्हणाली, इथं एक म्हातारं माणूस अंथरुणावर आहे, त्यात तुमचं कोण करणार, तुम्हीच सांगा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे पहाटे बस घेऊन निघायचे ते संध्याकाळी यायचे. परक्या गावात कळा सुरू झाल्या आणि जवळ आपलं म्हणायला कुणी नसलं तर काय, हेच मनात घोळत होतं. फोन ठेवून मी तोंड धुतलं आणि पुढे आले. वाहिदभाईंनी चहा माझ्याकडे सरकवला. मागच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या खोलीपुढं रिक्षा थांबली. सर उतरले. सत्काराच्या कार्यक्रमांना घालायचा काळा कोट अंगात, आणि उन्हानं चेहरा लाल. मागून वाहिदभाई आणि त्यांच्या बायको, म्हणजे भाभी. वाहिदभाईंच्या हातात आमच्याच दुकानातली मखमली खोकी होती, हनुवटीपर्यंत रचलेली. समोरच्या खोलीतल्या बाईला वाटलं मला कसलं तरी बक्षीस लागलं, ती बघायला बाहेर आली.

सरांची सवयच होती, दुकानातून कुठलीही वस्तू खोक्याशिवाय बाहेर जायची नाही. त्यांनी ओटीचं सामानही तसंच भरून आणलं होतं. मोठ्या चषकाच्या खोक्यात साटिनवर नारळ. शिल्डच्या खोक्यात हिरवा खण. बिल्ल्यांच्या डब्यांत हळद, कुंकू, सुपारी. खारका-बदाम भाभींनी आणले होते, सोबत चुडीबाजारच्या बांगड्या. गहू कुठंच नव्हते. सरांनी गव्हाच्या जागी काय चालतं असं वाहिदभाईंना विचारलं होतं आणि वाहिदभाई म्हणाले होते, चावल. म्हणून तिसऱ्या खोक्यात बिर्याणीचे लांब तांदूळ.

ओटी सवाष्णीनं भरायची, म्हणून सर भिंतीला लागून उभे राहिले आणि भाभी पुढे झाल्या. त्यांना आमची रीत माहीत नव्हती. मी पाटावर पदर पसरून बसले, आणि भाभी म्हणाल्या, "तुम बोलते जाव, मैं डालती जातूं." मग मीच सांगत गेले, आधी खण, मग नारळ, आता तांदूळ, आणि माझीच ओटी माझ्या सांगण्यावरून भरली गेली. हसू येत होतं आणि डोळे भरत होते. भाभींनी तांदूळ इतके घातले की पदर पेलवेना.

आमचे हे एका कोपऱ्यात अवघडून उभे होते. ते सरांना म्हणाले की तुम्हाला उगाच त्रास, आम्ही काहीतरी करू. सर म्हणाले, "पहिलं बाळंतपण आहे. न्यायला यावं लागतं, म्हणून आलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊठ. चल."

तोवर ते मला कधी 'तू' म्हणाले नव्हते.

नारायणगुड्याला सरांचं खाली दोन खोल्यांचं घर होतं. आतली खोली त्यांनी मला दिली आणि स्वतः बाहेर दिवाणावर झोपायला लागले. आमचे हे संध्याकाळी येऊन जेवून जायचे. सकाळी सर उपमा करायचे. त्यात कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. मी छान झालाय म्हटलं की विचारायचे, काय छान आहे त्यात? मग मला खरं सांगावं लागायचं, की गरम आहे. ते म्हणायचे, हौ, गरम आहे, तेवढं धरू. भाभी एक दिवसाआड डबा पाठवायच्या, तो आला की आम्ही दोघंही गुपचूप उपम्याचं पातेलं झाकून ठेवायचो.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, उपमा शिजत असताना. आमचे हे बस चालवत होते, फोन उचलणार कसे. सरांनी गॅस बंद केला, कोट न घालता, पायात घरातल्या चपला तशाच, रस्त्यावर जाऊन रिक्षा आणली. सबंध वाटेत ते रिक्षावाल्याला एकच सांगत होते, खड्डा टाळा, खड्डा टाळा.

सरकारी दवाखान्यात मला ढकलगाडीवर झोपवलं आणि एका दारापाशी नेलं. तिथं नर्स होती. तिनं सरांना हातानं थांबवलं आणि तेलुगूत विचारलं, "मीरु आमेकु एमवुतारु?" तुम्ही हिचे कोण लागता?

माझ्या कळा एकीकडे राहिल्या आणि भलतीच धडकी भरली. मला वाटलं, आता सर चष्मा नाकावर घेणार. मालक म्हणावं, का शेजारी, का ओळखीचे, यातलं नेमकं काय बसतं हे तोलत बसणार, आणि तोवर दार लागणार, आणि मी आत एकटी.

"नान्ना," सर म्हणाले.

ते इतकं पटकन आलं की मला आधी दुसरंच कुणी बोललं असं वाटलं. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात, एवढं तेलुगू मला तोपर्यंत येत होतं. नर्सनं पुढं काही विचारलं नाही. बाकाकडे हात करून त्यांना म्हणाली, कूर्चोंडि, आणि ते बसले. मग ती माझ्याजवळ आली, माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, भयपडकंडि, मी नान्ना बयट उन्नारु. घाबरू नका, तुमचे वडील बाहेर आहेत.

"हौ," मी म्हणाले.